हवशे, नवशे, गवशे आणि शेकरू

डिसेंबरात उज्जैनला आत्याकडे गेले होते. पहाटे साडेपाचला तिने उठवलं. म्हणाली, "अगं, रामघाट बघायचा तर उजाडायच्या आत. नंतर नुसती माणसं दिसतात, नदी दिसत नाही." गेलो, तर अंधारातही माणसंच होती. कुडकुडत पायऱ्या उतरणाऱ्या बायका, मुंडन करून घेणारे बाप-लेक, पलीकडे दत्त आखाड्याचा घाट आणि मधे क्षिप्रा. लाउडस्पीकरवरून एक बाई न थकता सांगत होती, साबण लावू नका, साखळीच्या पुढे जाऊ नका, आपलं सामान सांभाळा. पायरीवर एक पोरगा माशांना घालायला कणकेच्या गोळ्या विकत होता. आत्याने दोन द्रोण घेतले, एक माझ्या हातात दिला. मासे असे उसळून आले की तेवढ्या जागेत पाणीच दिसेना.

मी विचारलं, एवढी माणसं, एवढ्या गोळ्या, नदीला त्रास नाही का होत? आत्या म्हणाली, "इथे माणसाची सोय बघायची असते. नदीची सोय नर्मदा बघते."

ती गंमतीत म्हणाली नव्हती. क्षिप्रेला स्वतःचं पाणी पुरत नाही, म्हणून २०१४ साली नर्मदा-क्षिप्रा जोड योजना सुरू झाली. नर्मदेचं पाणी पंपाने वर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडतात, ते वाहत उज्जैनला येतं. २०१६ च्या सिंहस्थात रामघाटावर ज्यांनी डुबकी मारली, त्यांच्या अंगावरून नर्मदाही वाहून गेली. इंदूरचं सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी घाटाच्या आधीच वळवायची खटपटही त्यासाठीच. आता २०२८ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, नवे घाट बांधताहेत. माणसं वाढली की पायऱ्या वाढवायच्या, पाणी कमी पडलं की दुसरीकडून आणायचं. यात मला काही गैर वाटत नाही. घाट ही वस्तूच मुळात माणसासाठी बांधलेली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, अहिल्याबाईंनी तर देशभर घाट बांधले. माणसांची गर्दी व्हावी, हाच त्या बांधकामाचा हेतू होता.

हे सगळं आठवायचं कारण आपल्या वाङ्मय मंडळाची पावसाळी सहल. जून उजाडला आणि ग्रुपवर ठराव आला की या वर्षी भीमाशंकर, तेही रात्री. पावसाळ्यात तिथल्या कुजलेल्या लाकडांवर एक बुरशी उगवते, अंधारात ती हिरवट उजेड देते. त्या चमकत्या जंगलात बसून कवितावाचन करायचं. शिवाय भीमाशंकरला ती घंटा आहेच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या मोठ्या घंटा देवळांना वाहिल्या. त्यातली एक मेणवलीला आहे, एक भीमाशंकरला शनीच्या देवळासमोर. रोज चॅपेलच्या घंटेवर वर्ग सुटणाऱ्या आपल्या कॉलेजला याहून चांगला विषय कुठला? इतिहासही झाला, कविताही झाली, रीलही झाली.

मी लिहिलं, रात्री अभयारण्यात जाता येत नाही, आणि येत असतं तरी आपण जाऊ नये. मग जे व्हायचं ते झालं. एकाने लिहिलं, "देवळात लाखो लोक जातात ते चालतं, आपण पंचवीस जण गेलो तर जंगल बुडणार का?" संपादकांनी शेवटी मला सांगितलं, ग्रुपवर भांडू नकोस, लेख लिही. म्हणून हा लेख.

तो प्रश्न मात्र खरा आहे. त्याचं उत्तर देता आलं पाहिजे.

महाकाल ज्योतिर्लिंग, भीमाशंकरही ज्योतिर्लिंग. फरक एवढाच की महाकाल भर गावात आहे आणि भीमाशंकर अभयारण्यात. १९८५ साली ते अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत ते पसरलंय. बोरिवलीचं आपलं नॅशनल पार्क साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे, त्यावरून अंदाज करा. ते राखलं मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तांबूस पाठीची, झुपकेदार लांब शेपटीची मोठी खार. बिबट्या, सांबर, भेकर हेही तिथे आहेत. पहाटे माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर आहे.

शेकरूचं एक वैशिष्ट्य या सगळ्या वादात महत्त्वाचं आहे. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. जन्मतो झाडावर, घरटं बांधतो फांदीच्या अगदी टोकाशी, खातो-झोपतो वरच. एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारतो, ती वीसेक फुटांपर्यंत जाते. म्हणजे त्याचं जंगल आपल्या डोक्यावर आहे. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतील तोवर त्याची वाट चालू. रस्ता रुंद केला, वाहनतळासाठी मोकळी जागा केली, हॉटेलाची पत्र्याची शेड टाकली की आपल्याला वाटतं चार झाडं गेली. शेकरूच्या हिशेबात तिथे रस्ताच तुटला. क्षिप्रेत नर्मदा आणता आली. भीमाशंकरच्या तुटलेल्या छतात दुसऱ्या जंगलाचं छत पंपाने आणून सोडता येत नाही. घाटाचे नियम जंगलाला लावायचे नाहीत असं मी म्हणते, ते एवढ्याचसाठी.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा आपल्याकडे सगळ्यांनी नुसता ऐकलेला असतो, वाचलेला कोणी नसतो. मीही या भांडणापायीच वाचला. त्याच्या २७ व्या कलमात अभयारण्यात कोणी शिरायचं याची यादी आहे. कामावरचा सरकारी नोकर, परवाना असलेला, आत जमीनजुमल्यावर हक्क असलेला, सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारा आणि या लोकांवर अवलंबून असलेले. बाकी कोणी नाही. २८ वं कलम परवाना कशासाठी मिळेल ते सांगतं. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, किंवा आत राहणाऱ्या माणसाशी काही कायदेशीर कामकाज. पुढे २९ मध्ये तोडफोड नको, ३० मध्ये आग लावू नका. आणि २७ मध्येच एक छोटं पोटकलम आहे, प्राण्यांना छळू नका, कचरा टाकू नका. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जत्रेला येणाऱ्यांचे आपल्याकडे तीन प्रकार सांगतात, हवशे, नवशे आणि गवशे. २८ वं कलम वाचताना मला हसू आलं. या कलमाला हवशे ठाऊक आहेत, त्यांना तिथे पर्यटक म्हटलंय. गवशेही ठाऊक आहेत, संशोधक आणि फोटोवाले. नवशांचा पत्ताच नाही! भीमाशंकरला जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त संख्या ज्यांची, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला ज्यांच्या रांगा लागतात, तो नवस फेडायला आलेला माणूस परवान्याच्या यादीत कुठे बसतच नाही. मग तो कोण? कायद्याच्या नजरेने पाहिलं तर फार तर सार्वजनिक रस्त्याने चाललेला वाटसरू. मोटारीने येतो, दर्शन घेतो, मोटारीने जातो.

हे वाचून काही जण म्हणतील, बरंच आहे, देवाच्या दारात कायदा कशाला. पण ज्याचं नाव नियमात नाही त्याची संख्याही नियमात नाही. पर्यटकाला सांगता येतं की आज एवढेच, उद्या या. वाटसरूला काय सांगणार? त्याच्यासाठी फक्त वाहतुकीचा बंदोबस्त करायचा. तो होतोही. गर्दीच्या दिवशी खाजगी गाड्या अलीकडे थांबवून पुढे एसटीने नेतात. चांगली गोष्ट आहे, पण ती गर्दी सुरळीत पोचावी म्हणून केलेली आहे. किती गर्दी पोचावी, हा प्रश्न त्यात कुठेच विचारलेला नाही. ती झाली घाटावरची रीत.

नवशाला नियम सांगितला तर तो चिडेल, निवडणुकीत दाखवून देईल, अशी भीती आहे. मला ती भीती पोकळ वाटते, आणि त्याचा पुरावा पुन्हा मध्य प्रदेशातच आहे. आपल्या ग्रुपवरच्या विदर्भातल्या मंडळींना नागद्वार ठाऊक असेल. पचमढीजवळ, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या आत, नागपंचमीच्या सुमारास ही यात्रा भरते. तिथे जाणारे बहुतेक आपले मराठी लोक, नागपूर, अमरावती, वर्धा, छिंदवाड्याकडचे. महादेवाची गाणी म्हणत, डोंगरामागून डोंगर चढत, भर पावसात चिखलातून जातात. आणि ही वाट उघडते वर्षातून साधारण दहाच दिवस. दहा दिवस झाले की बंद. पुढच्या नागपंचमीपर्यंत वाट वाघाची, अस्वलाची. आमच्या हक्काच्या देवाला वर्षातले तीनशे पंचावन्न दिवस कुलूप का, म्हणून कोणी मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उलट दहाच दिवस मिळतात म्हणून लोक वर्षभर पैसे साठवतात, रजा टाकतात.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. दहा दिवसांत लाखो माणसं जंगलात गेली की मागे काय उरतं ते सांगायला नको. पण एक गोष्ट सिद्ध होते. भाविकाला मर्यादा कळते. ती दंडाच्या पावतीतून आली की त्याला जाच वाटतो, पंचांगातून आली की ते व्रत होतं. शबरीमला पेरियारच्या व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथलं देऊळसुद्धा बारा महिने उघडं नसतं, मंडलपूजा-मकरविळक्कूचा हंगाम आणि एरवी मल्याळी महिन्याचे पहिले पाच दिवस. डोक्यावरच्या इरुमुडीत प्लॅस्टिक नको, असं केरळच्या उच्च न्यायालयाने बजावलेलं आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११-१२ च्या मार्गदर्शक सूचनांतही संरक्षित क्षेत्रातल्या तीर्थस्थानी मुक्काम ठरावीक दिवसांपुरताच असावा, हा विचार आहे. म्हणजे कल्पना नवी नाही. भीमाशंकर व्याघ्र प्रकल्प नाही आणि बारमाही डांबरी रस्त्याच्या टोकाला आहे, म्हणून आपण ती तिथे आणत नाही.

रोजची पूजा बंद करा असं मी म्हणत नाही. पुजारी आहेत, गावकरी आहेत, त्यांचा देव आहे, त्यांचं रोजचं दर्शन चालू राहू दे. पण बाहेरून येणाऱ्या गाड्यांसाठी आठवड्यातला एखादा दिवस आणि वर्षातले काही आठवडे रस्ता बंद ठेवायला काय हरकत आहे? आपल्या कॉलेजात सकाळच्या प्रार्थनेला बायबलमधले उतारे वाचतात. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यायचा नियम आहे, त्या वर्षी पेरायचं नाही, छाटायचं नाही. आपल्याकडे देवराईतून काटकीसुद्धा न्यायची नाही, असा दंडक होता. भीमाशंकरच्या भोवती आहुपेसारख्या गावांनी अशा देवराया राखल्या म्हणून तर अभयारण्य जाहीर करण्यासारखं काही उरलं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यात दिसलं ते हेच. हे जंगल वनखात्याच्या पाटीने राखलेलं नव्हतं, गावाने देवाच्या धाकाने राखलेलं होतं. देवाच्या नावावर जंगल जातं हे आपण रोज बघतो, पण जास्त काळ ते देवाच्याच नावावर राहिलेलं आहे.

आणि इथे मला सगळ्यात जास्त राग येतो तो सांगते. नियम आहेत, पण ते लागतात कोणाला? भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी राहतात. हिरडा गोळा करणं हा त्यांच्या हातात रोख पैसा येण्याचा एक मोठा मार्ग. अभयारण्य झाल्यावर २९ व्या कलमाने जंगलातून काही नेण्यावर बंधनं आली, २००० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गवत-वाळलेलं लाकूडही बंद झालं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा कुठे गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क कागदावर मान्य झाला, तोही अभयारण्यासकट. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या बाईने टोपलीभर हिरडा उचलला की ते कायद्याचं प्रकरण, आणि बाहेरच्या दहा हजार माणसांनी बाटल्या टाकल्या की ती गर्दी. दोन्ही एकाच कायद्याखाली. टोपलीवाली एकटी असते, तिला थांबवता येतं. गर्दीसमोर वनरक्षक एकटा असतो.

म्हणून नियम करायचे तर ते आधी बाहेरच्यांना, मग आतल्यांना. आणि ते ठरवताना आतल्यांना विचारून. कुठली वाट कधी बंद करायची, शेकरूची घरटी कुठे आहेत, पाण्याची जागा कुठली, हे तिथल्या ग्रामसभेइतकं मंत्रालयात कोणाला ठाऊक असणार? दुकानं, हॉटेलं, वाटाडे यांतला पैसा तिथल्याच लोकांकडे राहिला तर कमी माणसं आली तरी त्यांचं भागेल. आज गर्दीतला मोठा पैसा पार्किंगपासून टूरवाल्यांपर्यंत खाली शहरातच मुरतो.

एक आक्षेप मी आधीच घेऊन टाकते, कारण तो कोणीतरी घेणारच. ख्रिस्ती कॉलेजच्या मासिकात हिंदूंच्या देवळाला नियम शिकवायला कोणी सांगितलंय? मी तरी नवसाचीच मुलगी आहे. माझं जावळ कुठल्या देवळात काढलं ते आई अजून सांगते. आणि दुसरं म्हणजे नवशांपेक्षा माझं भांडण हवशांशी जास्त आहे. म्हणजे आपल्याशी. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही काळ थांबवलं होतं. जुलैमध्ये मनाई झाली, ऑक्टोबरमध्ये नव्या सूचना आल्यावर ती उठली. तेव्हा सगळ्यात मोठा गलका जीपवाल्यांचा, रिसॉर्टवाल्यांचा आणि कॅमेरेवाल्यांचा होता. जंगलावर प्रेम करणारे आम्हीच, आम्हालाच बाहेर का काढता? नवशा निदान असं म्हणत नाही. तो म्हणतो, मी देवाला आलोय. आपण मात्र म्हणतो, आम्ही निसर्गाला आलोय, म्हणून आमच्या चपलेचा चिखल चिखल नव्हे.

माझीच गोष्ट सांगते. आठवीत असताना आम्ही घरचे भीमाशंकरला गेलो होतो. दर्शन झाल्यावर हनुमान तळ्याच्या वाटेवर शेकरू दिसला. फांदीवर पोट टेकून गप्प बसलेला, शेपटी खाली सोडलेली. फोटोत नीट येईना म्हणून बाबांनी टाळ्या वाजवल्या. तो हलला नाही. मग मी एक काठी झाडाच्या बुंध्यावर आपटली. तो उठला, वरच्या फांदीवर गेला आणि असा ओरडला की बाकीचे लोकही जमा झाले. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. फोटो छान आला. अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. २७ व्या कलमातलं ते छोटं पोटकलम वाचताना मला पहिल्यांदा तोच आठवला. आम्ही नवशे म्हणून गेलो होतो आणि दर्शनानंतर पाच मिनिटांत हवशे झालो. त्या वाटेवर तेव्हा पाटी होती की नाही, आठवत नाही. असती तरी वाचली नसती.

तर आता रात्रीच्या सहलीबद्दल. "पंचवीस जणांनी काय होतं?" याचं उत्तर असं की पंचवीस जण कधीच पंचवीस नसतात. पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी मुंबई-पुण्याहून असे किती गट निघतात ते इन्स्टावर बघा. भंडारदऱ्याकडे काजव्यांचं हेच झालं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मे-जूनमध्ये काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या. काजवा उजेडाने जोडीदाराला बोलावतो, आणि आपण हेडलाइट लावून ते बघायला जातो. शेवटी तिथे रात्रीच्या वेळा आणि गाड्यांवर बंधनं घालावी लागली. बुरशी पळून जात नाही हे खरं. पण ती उगवते कुजक्या फांद्यांवर, पाचोळ्यात, वाट सोडून. ती दिसायला टॉर्च बंद करून वाट सोडावी लागते. टॉर्च बंद केलेले पंचवीस जण काय काय तुडवतील? आणि घसरून कोणाचा पाय मोडला तर रात्री दोन वाजता त्याला उचलून आणणार त्याच पाड्यातले लोक, ज्यांच्या नावाने आपण "स्थानिक गाइड" एवढंच लिहितो. २०२४ च्या पावसाळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर भीमाशंकरच्या शिडी घाटासह कितीतरी वाटा पावसाळ्यापुरत्या बंद केल्या गेल्या. तेव्हा आपल्याच ग्रुपवर "प्रशासनाला बंदीशिवाय काही सुचत नाही" असा मजकूर फिरत होता. तो पाठवणाऱ्यांत मीही होते. सरसकट बंदी हा आळशी नियम आहे, असं मला अजूनही वाटतं. पण सरसकट बंदी का येते? कारण "इतकेच, इतक्या वाजेपर्यंत, या वाटेने" हा मधला नियम आपण कोणी पाळत नाही. मधला नियम पाळणारे लोक नसले की वनखात्याकडे कुलूप आणि उघडं दार एवढ्याच दोन गोष्टी उरतात.

माझा प्रस्ताव असा आहे. सहल भीमाशंकरलाच काढू, पण दिवसा, श्रावण संपल्यावर, शनिवार-रविवार सोडून. एसटीने जाऊ, खाजगी बस नको. देवळात ज्यांना जायचं ते जातील, ज्यांना नाही ते घंटेपाशी थांबतील. ती घंटा आधी कुठल्या चर्चमध्ये होती, तिच्यावर काय कोरलंय, हे वसईच्या आपल्या मुलींनी घरच्या मोठ्या माणसांना विचारून यावं. आणि ती वाजवायची नाही, बघायची. कवितावाचन गावात, कोणाच्या तरी पडवीत, त्या घरी जेवणाचे पैसे देऊन. हिरड्याचा हंगाम कसा गेला ते त्या बाईंकडून ऐकू, ते मासिकाला कवितांपेक्षा उपयोगी पडेल. परत येताना प्रत्येकाने आपला कचरा आपल्याच पिशवीत आणायचा. आणि कार्यकारिणीने वनविभागाला एक पत्र लिहायचं की बाहेरच्या गाड्यांसाठी आठवड्यातला एक दिवस रस्ता बंद ठेवा, आणि त्याची सुरुवात शनिवारपासून करा, म्हणजे आमच्यापासून.

बैठक येत्या शुक्रवारी साडेतीनला, मराठी विभागात. रात्रीच्या मुक्कामाच्या बाजूने ग्रुपवर सतरा अंगठे आलेत, विरोधात मला धरून चार. आत्याला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतकं चमकतं का गं ते खरंच?" मी म्हटलं, ठाऊक नाही आत्या, मी अजून पाहिलेलं नाही.